आमचं गाणं मेदूवड्यांनी खाल्लं

मंडळी, थिएटरमधून आत्ताच घरी आलोय. डोकं फिरलंय, म्हणून थेट आपल्या मेलिंग लिस्टवर लिहितोय.

फेब्रुवारीत इथे ॲन आर्बरला एका तमिळ सिनेमाच्या गाण्याचं शूटिंग झालं. गर्दीत उभं राहायला आम्हा देशी लोकांना बोलावलं आणि जॅकेट्स काढायला लावली. नागपूरहून आलेली माझी आई हिरव्या साडीत दिवसभर बर्फात उभी होती. नंतर आठवडाभर तापाने फणफणली.

आज तो सिनेमा इथे लागला. माझा तमिळ मित्र मुरली याने थिएटर भाड्याने घेतलं होतं. इथल्या थिएटरात इंटरव्हल नसतो, पण आपल्या लोकांना हवाच. मेदूवड्यांची लाइन लागली, मग दुसऱ्या प्लेटची, मग गप्पा. तिकडे मॅनेजर घड्याळ दाखवायला लागला, कारण पुढचा इंग्लिश शो होता. वेळेत संपावं म्हणून मुरलीने एक रीळच गाळायला सांगितलं. नेमकं आमच्या गाण्याचं.

मी भडकलो तर म्हणतो, "सॉरी यार, पण स्टोरी तर समजली ना?"

गाडीत आई म्हणाली, "मला कापलं असेल रे. मी मधेच कॅमेऱ्याकडे बघितलं होतं."

किती समजावलं, पटतच नाही तिला.

शिकागोवाल्यांनो, ही प्रिंट शनिवारी तुमच्याकडे येतेय आणि आई रविवारी भारतात परत चाललीय. हिरव्या साडीतल्या बाई दिसल्या तर शनिवारीच कळवाल का? आणि कृपा करून दुसरी प्लेट घेऊ नका.