खिडकीसाठी उठलेले मामा

आमच्या घरमालकीणबाईंचे थोरले भाऊ स्वर्गात गेले असतील याबद्दल मला शंका नाही. तिथं ते बसले असतील याबद्दल मात्र आहे. सोलापुरातल्या आमच्या चर्चमध्ये मी त्यांना कितीतरी रविवार पाहिलं, पण पहिल्या गीतापासून आशीर्वादापर्यंत हा गृहस्थ सलग दहा मिनिटं बाकाला टेकलेला मला आठवत नाही. सगळी मंडळी त्यांना मामा म्हणे. उमेदीची वर्षं रेल्वेत गार्ड म्हणून गेलेली, त्यामुळे उभं राहणं पायांत मुरलं होतं. पापकबुलीला सगळे गुडघे टेकून, डोळे मिटून. आणि मामा सर्दी झालेल्या म्हातारीच्या डोक्यावरचा पंखा कमी करायला निघालेले. मतांगीकाराला, म्हणजे आपली श्रद्धा एकसुरात म्हणताना, सगळेच उभे राहत, तेवढा वेळ काय ते चारचौघांसारखे दिसत. पाळकसाहेबांनी एकदा हात जोडून विनवलं, मामा, निदान उपदेशाला तरी बसा. मामा म्हणाले, "बसतो की. तुमी लवकर संपवा."

बाहेर दाराशी चपलांचा ढीग पडे. तो मामांना बघवत नसे. उपासना अर्ध्यावर आली की ते बाहेर जाऊन सगळ्या चपला घरागणिक लावत. मंडळीत दोन सख्खे भाऊ होते, दोन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. मामांनी दर रविवारी त्यांचे जोड अगदी शेजारी ठेवायचा सपाटा लावला. दोघांनाही एकाच जागी, एकाच वेळी वाकावं लागे. चौथ्या की पाचव्या रविवारी त्यांची डोकी एकमेकांवर आपटली, आणि निदान शिव्यांपुरतं तरी बोलणं सुरू झालं. बुधवारी कुणा ना कुणाच्या घरी प्रार्थना असे. सगळ्यांचे डोळे मिटलेले असताना मामा हळूच स्वयंपाकघरात शिरत आणि स्टोव्हवरचा चहा उतरवत. आमेन म्हणून डोळे उघडावेत, तर समोर कप मांडलेले. एकदा मामा आजारी होते. त्या बुधवारी प्रार्थना लांबली आणि दूध उतू जाऊन स्टोव्ह विझला. त्यानंतर बायकांनी त्यांच्या तब्येतीसाठी फार मनापासून प्रार्थना केली.

मी बहात्तरच्या दुष्काळानंतर जालन्याकडून गिरणीत कामाला आलो. सातवीत शाळा सुटलेली, गावात ओळखीचं कुणी नाही, त्यात स्वभाव घाबरट. पहिल्या रविवारी मी सगळ्यात मागच्या बाकावर, खांबाच्या आड बसलो. गीत चालू असताना मामांनी माझा दंड धरला, सगळ्यांच्या देखत तिसऱ्या बाकावर नेलं आणि म्हणाले, "हितं बस. हितं वारं लागतं." त्या वाऱ्याचे उपकार मी अजून मोजतो आहे. मामा सात रस्त्याच्या बाजूला राहत. तिथंच बहिणीला सांगून मला खोली मिळवून दिली त्यांनी, आणि पुढं मुलगीही त्यांनीच सुचवली. आमच्या मंडळीतल्या मास्तरांची.

घोटाळा तिथंच झाला. बोलणी चालली असताना मास्तरांनी सहज विचारलं, मॅट्रिक असाल ना? मी मान हलवली. का हलवली ते मला आजही सांगता येणार नाही. मान आपली हलली. आमच्यात लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये पुकार होते. अमक्याचा अमकीशी विवाह ठरला आहे, कुणाची हरकत असेल तर कळवावी. पहिली पुकार झाली, दुसरी झाली, आणि माझं जेवण सुटलं. मुलगी हातची जाईल म्हणून सांगवेना, आणि न सांगता झोप येईना. शेवटी गुरुवारी मामांना सगळं सांगितलं. ते खोलीतल्या खोलीत चालत ऐकत होते. म्हणाले, "तू सांग. न्हायतर दुसरं कुणीतरी सांगंल." एवढंच बोलून निघून गेले.

तिसरा रविवार. पाळकसाहेब "कुणाची हरकत असेल तर" एवढं म्हणाले आणि मामा उठले. मी उभा कसा राहिलो देव जाणे. मोठ्यानं म्हणालो, "मी मॅट्रिक नाही. सातवीत शाळा सोडली."

पाळकसाहेबांनी हातातल्या पुस्तकाचं पान उलटून पाहिलं. अशा वेळी काय करायचं ते त्यात नसावं. मामा मधल्या वाटेत, हात वर करून तसेच थांबलेले. मग माझ्याजवळ येऊन त्यांच्या मते हळू, म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आरं, ती खिडकी आपटतीया, मी तिला उठलो की. तू कशाला उठलास?"

त्या दुपारी मामा मास्तरांच्या घरी गेले. तिथं काय झालं ते मला पुढं बायकोनं सांगितलं. तासभर ते घरभर फिरत राहिले. कॅलेंडर सरळ केलं, माठावरचं झाकण नीट बसवलं, माझं नाव काढलं नाही. मास्तरच वैतागून म्हणाले, अहो, बसा आणि काय ते बोला. तेव्हा मामा म्हणाले, "खोटं पोटात घेऊन त्याला बसवलं न्हाय, मास्तर. आनि बसवत न्हाय म्हंजे काय, ते मला कळतंय."

मास्तर विरघळले, पण शाळेचे मास्तर ते. म्हणाले, आधीच्या तिन्ही पुकारा मॅट्रिक मुलाच्या झाल्या. चुकलेलं उत्तर पुन्हा लिहावं लागतं. पाळकसाहेबांनी परोपरीनं सांगितलं की पुकारीत शिक्षणाचा उल्लेखच नसतो. मास्तर ऐकेनात. शेवटी चौथी पुकार ठरली.

चौथ्या रविवारी मामा पहिल्या बाकावर, दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले होते. पाळकसाहेब "हरकत" या शब्दापाशी आले आणि तीच खिडकी आपटायला लागली. एकदा, दोनदा. कुणीच पाळकसाहेबांकडं बघत नव्हतं, सगळे मामांकडं. त्यांच्या मानेच्या शिरा फुगल्या, कपाळावर घाम आला, पण माणूस हलला नाही. मला ते बघवेना. मी उठलो, जाऊन खिडकी लावली आणि वळलो, तर पाळकसाहेब चष्मा काढून माझ्याकडं बघत होते. म्हणाले, "आता तुमचीच हरकत आहे का?" सगळं चर्च हसलं. मास्तर हसले, पदराआड मुलगीही हसली. मामा तेवढे हसले नाहीत. ते खिडकीकडं बघत होते. "वरची खिट्टी बी लाव," म्हणाले.

आमच्या लग्नानंतर दोन वर्षांनी मामांच्या मुलानं त्यांना पुण्याला नेलं. महिन्याभरात कार्ड आलं. तिथलं चर्च मोठं आहे, खिडक्या घट्ट लागतात, चपला ठेवायला फळ्या आहेत, पंख्यांना वेगळा माणूस आहे. शेवटी लिहिलं होतं, "मी बसून असतो."

ते वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. मग उत्तर लिहिलं, की तुम्ही गेल्यापासून इथली खिडकी फार आपटते, कुणालाच आवरत नाही, एकदा येऊन जावं. खरं तर बिजागरी मीच बदलली होती. खिडकी कधीची गप्प होती. माझं कार्ड बायकोनं वाचलं. मास्तरांचीच मुलगी ती. चूक तिच्या नजरेतून सुटणं शक्य नव्हतं. तिनं माझ्या हातातलं पेन घेतलं, आणि पुण्याचा पत्ता आपल्या वळणदार अक्षरात लिहून दिला.