फोटोतली चौथी

कोलशेतच्या आमच्या पालिका शाळेत चौथीचा वर्ग माझ्याकडे होता, आणि तो वर्ग फोटोत फार हुशार होता. वाचन तास असो, हात धुणे असो की वृक्षारोपण, त्याचा फोटो दुपारी दोनच्या आत वरच्या ऑफिसला गेलाच पाहिजे, असा दंडक होता. फोटो गेला नाही तर उपक्रम झालाच नाही. फोटो गेला, तर उपक्रम नाही झाला तरी कुणाची हरकत नसे. डी.एड.ला हे कुणी शिकवलं नव्हतं, नोकरीच्या पहिल्या आठवड्यात आपोआप आलं. एकच रोप आम्ही तीन वर्षं लावत होतो. बिचारं कुंडीतून खड्ड्यात आणि खड्ड्यातून पुन्हा कुंडीत.

मुलं माझ्याहून तरबेज. मी पर्समधून मोबाईल काढला की पुस्तकं उघडायची, बोटं ओळीवर, माना खाली. मोबाईल आत गेला की मारामारी जिथे थांबली होती तिथून पुढे सुरू.

या सगळ्यांत पुढे बसायची एक मुलगी. तिची आई घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये घरकाम करायची, पण लेकीच्या वेण्या अशा घट्ट घालून पाठवायची की फोटोला तीच हवी. वाचनाच्या प्रत्येक फोटोत ती होती. फक्त तिला वाचता येत नव्हतं. दोन अक्षरी शब्द कसाबसा, जोडाक्षर आलं की गाडी ठप्प. मला हे ठाऊक होतं. उद्या बघू, उद्या बघू करत मी दिवाळी पार केली. एप्रिलनंतर ती पाचवीला दुसऱ्या शाळेत जाणार होती, आणि तिथल्या गर्दीत तिला मुळाक्षरांपासून कोण शिकवणार होतं?

जानेवारीत वरच्या ऑफिसच्या मॅडम तपासणीला आल्या. फोटो बघून आधीच खूश.

"हीच ना ती? वाच गं बाळा."

तिनं पुस्तक उघडलं, बोट ठेवलं, मान झुकवली, मंद हसली. आणि तशीच राहिली. मॅडम वाट बघतायत. शेवटी ओठ न हलवता ती माझ्या दिशेनं कुजबुजली, "बाई, झाला का फोटो?"

सगळा वर्ग खदखदला. मॅडमही हसल्या. "गोड आहे हो," म्हणाल्या, वहीत 'उत्कृष्ट' शेरा लिहिला आणि चहाला गेल्या. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवसापासून मोबाईल कपाटात आणि किल्ली शिपाईमावशींकडे. पहिला तास तिचा आणि तिच्यासारख्या चौघांचा. बिस्किटाचे पुडे वाचले, औषधाची खोकी वाचली, खिचडीच्या पोत्यावरचा मजकूरसुद्धा सोडला नाही. जोडाक्षराला ती अशी चिडायची की पाटीच ढकलून द्यायची. मीही चिडायचे. मग दोघी पाणी पिऊन यायचो.

मुख्याध्यापक रोज दारात. "अहो बाई, एक फोटो टाकायला तुमचं काय जातं?"

"तास जातो, सर."

त्यांनी ते मनावर घेतलं. मार्चमध्ये ऑफिसकडून फोटो न पाठवणाऱ्यांची यादी आली, ती त्यांनी नोटीस बोर्ड सोडून मुद्दाम माझ्याच वर्गाच्या दाराशेजारी चिकटवली. येणाऱ्या-जाणाऱ्यानं बघावी म्हणून लाल अधोरेखित. मी न बघितल्यासारखं करून आत शिरत होते, तर ही वेण्यांवाली तिथे उभी.

"अह... अहवाल," ती म्हणाली. थांबली. "अ... प्रा... अप्राप्त. बाई, अप्राप्त म्हणजे?"

"मिळाला नाही."

"खाली तुमचं नाव आहे." तिनं ते वाचलं, आडनावासकट, न अडखळता. व्हरांड्यात तिसरीच्या बाई थबकल्या, मुख्याध्यापकही खोलीतून बाहेर आले. "पुढे लिहिलंय, सक्त ताकीद."

माझे डोळे भरून आले होते, आणि ती घाबरून बघत होती, आपलं काही चुकलं की काय.

मी म्हटलं, "परत वाच. जरा मोठ्यानं."