'तो' म्हणजे कुठला?

घशाच्या ऑपरेशनमध्ये बाबांचं स्वरयंत्र काढावं लागलं. त्यानंतर ते गळ्याला एक छोटं मशीन लावून बोलायला शिकले. शब्द कळायचे, पण सगळे एकाच पट्टीत. ना चढ, ना उतार.

नरपडच्या आमच्या चिकूवाडीत कुंपणाजवळ त्यांनी चिकूचंच एक कलम लावलं होतं. सहा वर्षं जपलं, तरी ते वाढत नव्हतं. गंजाडचे एक काका वीसेक वर्षं आमच्याकडे वाडीचं काम बघतात. बाबा त्यांना म्हणाले, "कलमावर जुन्या झाडाची सावली पडते. तो चिकू तोडायचा."

एका हातात मशीन, दुसऱ्यात काठी. बोट दाखवायला हात मोकळा नव्हता. काकांना वाटलं, खुरटलेलं कलमच काढायचंय. दुपारी बाबा वाडीत गेले, तेव्हा जुनं झाड जागच्या जागी होतं आणि कलम आडवं पडलेलं.

बाबा रागावले नाहीत. मशीन कपाटात ठेवून दिलं आणि वहीत लिहून दाखवू लागले. काकांना वाचता येत नव्हतं. ते सकाळी येत, बाबांकडे न बघता खाली मान घालून काम करत. मला दोघांचंही वाईट वाटायचं.

आठवड्याभराने काका ओट्यावर येऊन बसले.

"शेट, चूक माझी. पन एक सांगू? पयलं तुमी 'तोऽ' असं लांबवायचे. आमाला कळायचं, हा नाय, तो दुसरा. आता समदं सारखंच ऐकू येतं."

बाबांनी वही पुढे ओढली. काकांनी ती हळूच बाजूला सारली.

"लिवू नका. ज्या शब्दावर जोर द्यायचा, त्याच्या आधी मशीन काढा. जरा थांबा. मंग बोला. मी बघतो तुमच्याकडं."

मी कपाटातून मशीन आणून दिलं. बाबा बराच वेळ ते हातात फिरवत बसले. मग गळ्याला लावलं.

"उद्या नवं कलम आणू." मशीन खाली आलं. काका थांबले, मीही थांबले. "तू निवड."

काकांनी मान डोलावली आणि डोळे पुसले.

मी तलासरीच्या शाळेत शिकवते. परवा मधल्या सुट्टीत बाबांचा फोन आला.

"आई मावशीला घेऊन आली." मग शांतता. "ती तुझी वाट बघतेय."

पूर्वीचे बाबा असते, तर त्या 'ती'वर त्यांनी असा काही जोर दिला असता की मला विचारावंच लागलं नसतं. आताही लागलं नाही.

"मावशीला सांगा, चारच्या बसने निघते," मी म्हटलं.

पलीकडून नुसता श्वास ऐकू आला, तुटक तुटक. बाबा हसत होते.