खंडाचे कारण

गेल्या जूनपासून मी विद्यापीठात इतिहासाच्या एम. ए.च्या वर्गात बसतो. सोबतची मुले मला काका म्हणतात, आणि नोंदी अपुऱ्या राहिल्या तर माझी वही मागून नेतात. वयाच्या चौपन्नाव्या वर्षी हे जमेल का, अशी शंका मला होती. पण अडचण वर्गात आली नाही, ती प्रवेशाच्या वेळी आली.

याच अभ्यासक्रमाचे पहिले वर्ष मी बत्तीस वर्षांपूर्वी अर्धवट सोडले होते. त्यामुळे शिक्षणात खंड पडल्याचे प्रतिज्ञापत्र जोडावे लागेल, असे खिडकीवरच्या बाईंनी सांगितले. तहसील कचेरीबाहेर लॅपटॉप घेऊन बसलेल्या एका टंकलेखकाकडे गेलो. त्याच्याकडे मजकूर तयारच होता.

"पावणं, खंडाचं कारण घरगुती अडचण घालतो बघा. समद्यांची तीच असतीया."

हेच कारण मी घरीही दिले होते. त्या वर्षी मी विद्यापीठाच्या शहरात, मंगळवार पेठेत खोली घेऊन राहत होतो. परीक्षेची धास्ती बसली, मी वर्गात जाणे सोडले, परीक्षेचा अर्जही भरला नाही, आणि एके दिवशी गावी, मुरगूडला परतलो. आईने विचारले, तेव्हा म्हणालो, "दादाला एकट्याला शेत झेपत नाही." थोरल्या भावाचे लग्न होऊन तेव्हा तीन महिनेच झाले होते. आईने त्याचा अर्थ आपल्या परीने लावला: नवी सून उंबऱ्यात आली आणि धाकट्याची शाळा सुटली. ती हे शेवटपर्यंत बोलत राहिली, आणि तिच्यामागे भावकीही. वहिनींच्या देखत हे बोलणे चाले. मी तेथेच जेवत बसलेला असे.

"तसं नव्हतं," मी टंकलेखकाला म्हणालो. "परीक्षेला घाबरून मी शिक्षण सोडलं. घरच्या कोणाचाही दोष नव्हता. असं लिहा."

त्याने मान वर केली. "मोठ्यानं बोला की जरा." मी पुन्हा सांगितले. "आवो, परवेश घ्यायचाय का माफी मागायचीय?"

पण त्याने सांगितले तसे लिहून दिले.

सही-शिक्के झाल्यावर तो कागद दुसऱ्या दिवशी खिडकीवर द्यायचा होता. परक्या माणसाने वाचण्याआधी घरच्यांनी वाचावा, असे वाटले. मी मुरगूडची एसटी धरली.

दादा बाहेरच्या सोप्यात बसला होता. कागद लांब धरून त्याने सावकाश वाचला आणि घडी घालून माझ्या हातात परत दिला.

"मला ठावं हुतं," तो म्हणाला. "तुझी ट्रंक आणाय खोलीवर मीच गेलतो की. मालक म्हणाला, पोरगं दोन महिने कालेजात गेलंच न्हाय."

"मग बोलला का नाहीस?"

"तू सांगशील म्हणून थांबलो." मग कागदाकडे बोट दाखवून म्हणाला, "मला काय दावतोस? मला कुणी काय म्हणत न्हवतं. बोलणी तिनं खाल्ल्यात. परड्यात हाय बघ."

वहिनी घरामागच्या परड्यात भुईमुगाच्या शेंगा फोडत होत्या. मी समोर बसलो आणि कागद वाचून दाखवला. परीक्षेच्या वाक्यापाशी त्यांचे हात थांबले. मी वाचणे पुरे केले. क्षमा मागण्यासाठी एसटीत जुळवलेली वाक्ये एकही आठवली नाही. "चुकलं माझं, वहिनी," एवढेच म्हणालो.

त्यांनी सूप बाजूला सारले. मग म्हणाल्या, "भावजी, मोठ्यानं वाचा की."

"ऐकू नाही आलं का?"

"मला आलं. भिंतीच्या पल्याड तुमची चुलती भांडी घासतीया. परवाच्या बारशातबी चार बायकांत म्हणाली, हिनं दिराची शाळा बंद केली. तिला जाऊ दे की ऐकू."

मी जन्मात कधी आवाज चढवलेला नव्हता. ते सभ्यपणाचे लक्षण आहे, अशी माझी समजूत होती. मी उठून भिंतीजवळ गेलो, घसा साफ केला, आणि स्वतःचे नाव, वय, पत्ता येथपासून, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की, असे पहिल्यापासून वाचायला लागलो. दुसऱ्या ओळीला पलीकडची भांड्यांची खळखळ थांबली.

"आजून मोठ्यानं," मागून वहिनी म्हणाल्या.