आपा आणि विहिरीचं नाटक

पहिली एकांकिका मी लिहिली ती बँकेत नोकरीला लागल्यावर. वैजापूरकडच्या आमच्या गावात विहिरीच्या पाण्यावरून भावाभावांची भांडणं लहानपणापासून पाहिली होती, तीच लिहून काढली आणि रविवारी हर्सूलला आपांच्या गच्चीवर नेली. आमचा हौशी नाटकवाल्यांचा गट तिथंच जमायचा. देवगाव रंगारीच्या शाळेत वर्षानुवर्षं मराठी शिकवून आपा निवृत्त झाल्या होत्या. घरात दखनी, शाळेत मराठी, आणि दोन्हीकडं आवाज असा खणखणीत, की त्या गच्चीवर बोलल्या तर गल्लीतली माणसं वर बघायची. आमची नाटकं त्याच बसवायच्या.

माझ्या एकांकिकेत दोन भाऊ पहिल्या ओळीपासून एकमेकांवर ओरडत होते. संघर्ष झकास जमलाय, असं मला वाटत होतं.

"भांडण लई आहे बेटा," वाचन संपल्यावर आपा म्हणाल्या, "पण गोष्ट जागची हलत नाय."

"दोघं अंगावर धावून जातात की, आपा."

"जातात आणि माघारी येतात. धाकट्याला काय पाहिजे?"

"पाणी."

"कशाला?"

आपांनी मला याचं उत्तर शोधायला लावलं. धाकट्यानं मोसंबीची बाग लावली, ती जगवायला त्याला थोरल्याच्या पाळीचं, त्याच्या वाट्याच्या दिवसाचं पाणी हवं झालं. पुढच्या खेपेला त्यांनी नाटकातल्या विहिरीचं पाणी तळाला न्यायला सांगितलं. म्हणाल्या, "भावावर ओरडता येतं, आटत आलेल्या विहिरीवर नाय. मग माणूस काय करतो ते लिही." धाकटा बाग वाचवायला रातोरात सामाईक विहीर खोल करायला निघाला, म्हणून भावकी गोळा झाली. आता थोरल्याला पाणी द्यावंसं वाटलं तरी चारचौघांत माघार घेता येईना. आणि ज्याला अंगाखांद्यावर खेळवलं, त्याचीच बाग वाळताना बघून थोरल्याला जेवण जाईना.

माणसाशी, निसर्गाशी, समाजाशी, स्वतःशी असे संघर्षाचे प्रकार मी कॉलेजात पाठ केले होते. ते एकातून एक कसे निघतात, हे मात्र त्या गच्चीवर कळलं. आपा म्हणायच्या, "अडचण आली की माणसानं काहीतरी केलं पाहिजे, आणि त्यानं जे केलं त्यातून पुढची अडचण आली पाहिजे. नायतर नुसता गोंगाट."

नाटकात या भावांची म्हातारी आई होती. तिचं काम आपा स्वतः करणार होत्या. आम्ही उतरणार होतो ती एकांकिका स्पर्धा जवळ आली आणि आपांच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, जीव वाचला, पण आवाज गेला. कुजबुजल्यासारखं बोलता येईल, त्यापेक्षा जास्त नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. मी भेटायला गेले तेव्हा त्या पलंगावर बसून लसूण सोलत होत्या. आपणच मार्ग काढावा म्हणून मी म्हणाले, "आपा, आई मुकी करते. तुम्ही नुसत्या बसून राहा, तुमचा चेहराच पुरेसा आहे."

त्यांनी नकारार्थी मान हलवली आणि मला जवळ बोलावलं. त्यांचं बोलणं ऐकायला मला त्यांच्या तोंडापाशी कान न्यावा लागला.

"मुकी केलीस तर तिची अडचणच संपली," त्या म्हणाल्या. "तिला बोलायचंय आणि कुणाला ऐकू जात नाय. ते लिही."

मी घरी आले आणि आईचा भाग नव्याने लिहिला. आपा गळ्याला ओढणी गुंडाळून तालमीला यायला लागल्या. कुणाचं चुकलं की त्या जिन्याच्या कठड्यावर वाटी आपटायच्या, मग एकेकाला जवळ बोलावून सांगायच्या. दमल्या की खुर्चीवर डोळे मिटून बसायच्या. आम्ही "आता पुरे" म्हटलं तर पुन्हा वाटी वाजायची.

स्पर्धेतला आमचा प्रयोग दुपारी होता. दोन्ही भाऊ तावातावानं भांडत होते आणि बाजेवर बसलेली आई काहीतरी बोलत होती. ती काय म्हणते ते कळेना, म्हणून प्रेक्षकांतच चुळबुळ सुरू झाली. मग थोरला ओरडता ओरडता थांबला. तो बाजेपाशी जाऊन बसला, त्याच्यामागून धाकटा आला. दोघांची डोकी आईपाशी आली तेव्हा सभागृहात इतकी शांतता झाली, की शेवटच्या रांगेपर्यंत ती कुजबूज पोहोचली.

"विहिरीत माझापण वाटा आहे. माझी पाळी कधी?"

आपली पाळी तिला कोण देणार, यावर दोघं भाऊ पहिल्यांदाच खालच्या आवाजात बोलायला लागले. पुढचं सगळं नाटक त्या एका वाक्यावर चाललं. आम्हाला दुसरा नंबर मिळाला.

घरी जाताना रिक्षात आपा गळ्यावर हात धरून बसल्या होत्या. आता त्या स्वतःच्या आवाजाबद्दल काहीतरी बोलतील असं मला वाटलं. धीर द्यायचे शब्द मी मनात जुळवत होते. त्यांनी मला खुणेनं जवळ बोलावलं.

"थोरला लई उशिरा उठतो बाजेकडं," त्या म्हणाल्या. "आधीची चार वाक्यं काढ."

पुढच्या प्रयोगाला मी ती काढली.