बघून सांगणारी

डॉक्टरीणबाईंचा दबदबा होता तो त्यांच्या नजरेचा. बायकांच्या नाजूक जागेवरचे आजार त्या नुसते बघून ओळखत. दह्याच्या कवडीसारखा थर दिसला की बुरशी, बारीक फोडांचा झुबका दिसला की हर्पीस, पातळ सुरकुतलेली पांढरी कातडी म्हणजे लायकेन हा कातडीचा चिवट आजार. दिव्याचा झोत वळवायचा, क्षणभर बघायचं आणि हातमोजे उतरायच्या आत रोगाचं नाव सांगून मोकळं व्हायचं. रिपोर्टची वाट बघणं त्यांना कमीपणाचं वाटे. हा तोरा घरीदारी सगळ्यांना ठाऊक होता, थोरल्या बहिणीलाही.

तीच ताई आज तपासणीच्या टेबलावर डोळ्यांवर आडवा हात टाकून पडली होती.

"इतकी वर्षं खाज सोसलीस आणि मला एका शब्दानं बोलली नाहीस?"

"काय बोलू? तुला आंघोळ घातलीय गं मी. तुझ्यापुढे अशी झोपू?" ताई म्हणाली. "आरशात पांढरं दिसलं, वाटलं कोड असेल. दुकानातून कसलंसं मलम आणून लावत होते. आता रक्त लागायला लागलं म्हणून आले."

बाईंनी झोत वळवला. कातडी पांढरीफटक, योनीचे आतले ओठ कडेला चिकटून दिसेनासे झालेले. लायकेन. याला औषध आहे, म्हणून त्यांनी श्वास सोडला. पण डाव्या बाजूला एक जाड, वर आलेला चट्टा होता आणि त्यावर न भरलेली जखम. बोट लावलं तर टणक लागली. बाईंच्या नजरेनं नाव केव्हाच सांगून टाकलं होतं, कॅन्सर.

"काय आहे?"

"छोटा तुकडा घेते. रिपोर्ट आला की कळेल."

ताईनं डोळ्यांवरचा हात काढला. "तुला तर बघूनच कळतं."

"सगळंच नाही कळत."

ताईनं बहिणीच्या उतरलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि पुन्हा डोळ्यांवर हात टाकला. बाईंनी बधिर करायची सुई टोचली आणि तुकडा घेतला.

मग बाईंचा जीव टांगणीला लागला. साधी बुरशी घेऊन आलेल्या पोरीलाही त्यांनी पुन्हा पुन्हा दिवा वळवून पाहिलं आणि तरी नाव जिभेवर येईना. रोज ताईला फोन करायच्या. ताई "बरी आहे" म्हणायची आणि ठेवून द्यायची.

रिपोर्ट आला. कॅन्सर नव्हता. लायकेनच होतं, खाजवून खाजवून कातडी जाड झाली होती. बाई दवाखाना तसाच टाकून ताईकडे धावल्या.

कपाट सताड उघडं आणि रिकामं होतं. पलंगावर कपड्यांचे गठ्ठे बांधून ठेवलेले, प्रत्येकाला चिठ्ठी टाचलेली. लेक. सून. एकावर 'धाकटी'.

"ताई, हे काय?"

"तू नाव घेतलं नाहीस तेव्हाच समजले मी."

"अगं, कॅन्सर नाहीये! मलम लावायचं, सहा-सहा महिन्यांनी दाखवायचं, बस."

ताई गठ्ठ्यांमध्येच मटकन बसली. "मग तेव्हा तोंड का पाडलंस?"

"घाबरले होते."

"यापुढे मला तपासताना तोंडाला फडकं बांध, मेले," ताई म्हणाली आणि हमसून हमसून रडायला लागली.

बाईंनी 'धाकटी' लिहिलेला गठ्ठा सोडला आणि आतली शाल पुन्हा कपाटात ठेवली.