वेकेसाबरोबर उमेळ्याला, मामाच्या दहाव्याला

१२ ऑक्टोबर २०२५, रविवार, सकाळचे पावणेसहा. पिशवीत तांदूळ, तीळ, फुले सगळे घेतले ना, हे मी पुन्हा एकदा तपासत होतो. तेवढ्यात वरच्या खोलीतला वेकेसा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून खाली आला. म्हणाला, "मैं भी आएगा."

वेकेसा केनियाचा. आमच्या वालीवच्या घरात वर भाड्याने राहतो आणि फार्मसी शिकतो. उमेळ्याला माझ्या दत्तूमामाचा दहावा होता. दहाव्याला पाहुणा न्यावा का, हे मला कळेना. विचारायला आईही नव्हती, ती आधीच माहेरी होती. पण मामा आमच्याकडे आला की वेकेसाला केळी द्यायचा आणि तासभर त्याच्याशी गावच्या बोलीत बोलत बसायचा. त्याला समजते की नाही, याची मामाला फिकीर नसे. मी हो म्हणालो.

वर्षभरात वेकेसाला इथले बरेच जमले होते. चपला दाराबाहेर काढणे, उजव्या हाताने जेवणे, लग्न कधी करणार असे विचारणाऱ्या शेजाऱ्यांवर न चिडणे. फक्त जूनपासून त्याने केस कापले नव्हते. "न्हाव्याशी भांडण आहे का रे?" असे आई सारखी विचारायची. तो हसून म्हणायचा, "बाद में, आई."

वालीवहून स्टेशनपर्यंत शेअर रिक्षा, माणशी तीस रुपये. पूल ओलांडून पश्चिमेला दुसरी रिक्षा केली, तिचे ऐंशी झाले. भाडे आधी ठरवून घ्या. चहा-पावही स्टेशनजवळच खाऊन घ्या, पुढे सकाळी काही मिळेलच असे नाही. नव्या इमारतींच्या मधूनमधून अजून केळीच्या वाड्या दिसतात. मामाच्या शेतातला भात पिवळा झाला होता. तो कोण कापणार, असे वेकेसाने विचारले. मामाचा मुलगा निलेश, मी म्हणालो.

गावच्या तळ्याच्या पायरीवर न्हावी बसला होता. निलेशचे मुंडण झाले, मग मामाच्या धाकट्या भावाचे. वडील हयात असलेल्याने या कामात डोके भादरायचे नसते. माझे वडील आहेत, म्हणून मी टॉवेल धरून बाजूला उभा होतो. आणि वेकेसा पायऱ्या उतरून न्हाव्यासमोर जाऊन बसला.

न्हाव्याचा हात थांबला. मागे कुणीतरी हसले. त्याला आणला होता मी. मामाचे थोरले भाऊ, अण्णामामा, काठी टेकत पुढे आले.

"उठ पोरा. बापूस हाय ना तुजा? मग बसायचा नाय."

मी हिंदीत समजावणार होतो, पण त्याला समजले होते.

"नाय," वेकेसा म्हणाला. "बापूस नाय."

मग त्याने हिंदीत सांगितले. वडील जूनमध्ये गेले. परीक्षा होती, तिकिटाला पैसे नव्हते. वडिलांना माती दिलेली त्याने फोनवर पाहिली. त्यांच्याकडे त्यानंतर घरचे सगळे एकत्र बसून डोकी भादरतात. ते एकट्याने दुकानात जाऊन करायचे नसते, म्हणून तो थांबला होता. आमच्याच छपराखाली, आणि आम्हाला पत्ता नव्हता.

"पानी लाव त्याच्या डोक्याला," अण्णामामा न्हाव्याला म्हणाले. मग निलेशला, "तू त्याच्या बाजूला बस."

निलेश ओल्या डोक्याने पुन्हा खाली बसला. नंतर दोघांनी बरोबरच तळ्यात बुडी मारली.

मामाच्या घरी आई दारात तांब्या घेऊन उभी होती. तिने वेकेसाचे डोके पाहिले आणि काय ते ओळखले.

"कधी?"

"जून."

तिने तोंडाला पदर लावला. मग वाकून आधी त्याच्या पायांवर पाणी घातले. जेवायला त्याला निलेशच्या शेजारी बसवले. भात होता आणि वालाचे बिरडे. दोनदा वाढून घेतले त्याने.

उमेळे मी लहानपणापासून पाहतो, पण आता ते तळे आठवले की आधी या दोघांची डोकी आठवतात.

संध्याकाळी वालीवला परतल्यावर वेकेसाने केनियाला स्वतःच्या आईला व्हिडिओ कॉल लावला आणि टोपी काढली. त्यांनी काहीतरी विचारले. वेकेसाने फोन माझ्याकडे वळवला.

"पूछती है, साथ में कौन बैठा था."

मी सावकाश सांगितले. निलेश. अण्णामामा. मी माझेही नाव सांगितले. त्या एकेक नाव आपल्या जिभेवर घोळवून परत म्हणत होत्या. सगळी झाल्यावर वेकेसाने फोन स्वतःकडे घेतला आणि आणखी एक नाव जोडले.

"दत्तूमामा."